जुन्या डिस्कचं काय करायचं

सांगली,
12 नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

फोनवर तू एका वाक्यात निकाल दिलास, "भंगारात घाल आणि नवीन घे." पुण्यात बसून बोलायला काय जातंय मर्दा! इथं दुकानातल्या त्या जुन्या कॉम्प्युटरच्या डबड्यावर माझा पेजमेकर, पत्रिका जुळवायचा प्रोग्रॅम, चालतो आणि पेजमेकरवर निम्मी लग्नसराई.

तू म्हणतोस ते करून बघितलंय मी. नव्या मशिनवर जुनी पत्रिका उघडली, तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. तेव्हाचे आपले फॉन्ट युनिकोड नव्हते, आणि त्या फॉन्टचं लॉक, म्हणजे ज्याशिवाय ते चालत नाहीत तो छोटा प्लग, बसतं प्रिंटरच्या 25 पिनांच्या रुंद पोर्टात. नव्या मशिनला ते पोर्टच नाही. म्हणजे मशीन जुनंच राहणार. प्रश्न फक्त डिस्कचा. आत एक 40 जीबीची आयडीई, म्हणजे चपट्या पट्टीच्या केबलची जुन्या पद्धतीची डिस्क, आणि कपाटात तसल्याच दोन. 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा मारुती चौकातल्या दुकानातून सीपीयू आणि या दोन डिस्क आम्ही डोक्यावरून माडीवर नेल्या होत्या. कागदाची रिमं गेली, प्रिंटर गेला. एवढं करून वाचवलेलं भंगारात कसं घालू?

कपाटातल्या दोन्हींसाठी यूएसबीचा अडॅप्टर आणला. लावला तर डिस्क गप्प. कपाळाला हात लावून बसलो. मग पोरगा म्हणाला, "पप्पा, हा ठोकळा कशाचा?" साडेतीन इंची डिस्कची मोटर फिरायला 12 व्होल्ट लागतात, यूएसबीतून मिळतात 5. तो ठोकळा त्याचसाठी होता. असो.

पहिली डिस्क फिरली आणि खट्... खट्... खट्. आतलं वाचणारं हेड परत परत जागेवर येऊन आपटतंय. लगेच वीज काढली. असल्या डिस्कला आणखी एकदा, आणखी एकदा म्हणत चालू करत राहिलं, तर उरलंसुरलंही खरवडून जातं. दुसरी मात्र गरगरली आणि सगळे फोल्डर दिसले. रात्रभर लावून ठेवली, सकाळी दोन वेगवेगळ्या जागी कॉपी. तिथं अडॅप्टरचं काम संपलं. त्यावर रोजचं काम करायला मी धजणार नाही, आतली डिस्क शेवटी जुनीच.

चालू मशिनमधल्या डिस्कनं मात्र डोकं खाल्लं. एक वाट सीएफ कार्डाची होती. कॅमेऱ्यातलं ते जुनं कार्ड मुळात आयडीईचीच भाषा बोलतं, नुसती पिना जुळवणारी पट्टी लागते. पण चांगलं मोठं कार्ड महाग पडतं. म्हणून साटा एसएसडी, म्हणजे नव्या जोडणीची, न फिरणारी डिस्क, आणि आयडीईचा कन्व्हर्टर घेतला. एसएसडी मुद्दाम 120 जीबीची. जुन्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला, 137 जीबीच्या पुढचं मोजता येत नाही, मोठी घेऊन उपयोग काय? जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन केली, त्यामुळे विंडोज एक्सपी परत टाकायची भानगड नाही आणि लॉकचीही तक्रार नाही.

मोलेक्समधून, म्हणजे जुन्या चार पिनांच्या वीजेच्या प्लगातून, साटाला वीज देणारी केबल घेताना मात्र जपून. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या प्लगात आत तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट झाल्याचे, जळल्याचे प्रकार झालेत. मी तारा वेगवेगळ्या दिसतात अशी क्रिंप केलेली घेतली. एवढं करूनही बायोसला डिस्क दिसेना. कन्व्हर्टरवरचा जंपर, म्हणजे पिनांवरची चिमुकली टोपी, स्लेव्हवर, दुय्यम डिस्कच्या जागी होता! चिमट्यानं उचलून मास्टरवर, मुख्य डिस्कच्या जागी सरकवला, केबलचं काळं टोक कन्व्हर्टरला, निळं बोर्डाला, आणि आली की. पहिल्यांदाच एक्सपी चहा संपायच्या आत उघडली. एक्सपीला ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा एसएसडीला कळवणं, येत नाही हे खरं, पण माझ्या पत्रिकांनी ती झिजायला किती वर्षं लागतील!

बोर्डावरचे दोन कपॅसिटर फुगलेत, ते बदलायचे आहेत. तुझ्या ओळखीचा तो सोल्डरिंगवाला अजून बसतो का? विचारून कळव.

आणि हो, दुसऱ्या डिस्कमध्ये तुझी लग्नपत्रिका सापडली, 2004 ची. तुझ्या मामांचं नाव दोनदा पडलंय आणि काकांचं एकदाही नाही. छापताना आपल्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. प्रिंट सोबत ठेवलीय. वहिनींना दाखव, काकांना नको.

तुझा,
दिल्या