वाचनाच्या तासाबद्दल बाईंना पत्र

बडोदा

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

माझी मुलगी वर्गात मागे पडते हे आम्हाला कळत होते, का पडते ते कळत नव्हते. गुजरातीचा धडा ती घडाघडा म्हणून दाखवी. निवृत्तीनंतर आपण महापालिकेच्या शाळेत वाचनाचा तास घेऊ लागलात आणि पहिल्याच दिवशी धड्यातल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलेत, तेव्हा ती गप्प झाली. तिसरीतल्या मुलीला धडा पाठ होता, वाचता येत नव्हता. त्याआधी ‘शिकवणी लावा’ एवढेच आम्हाला ऐकवले गेले होते, आणि शिलाईवर चालणाऱ्या घराला ते परवडणारे नव्हते.

घरी मराठी आणि शाळेत गुजराती असे दांडिया बाजारातल्या कितीतरी घरांत चालते. कॅलेंडरवरून देवनागरी ओळखू लागलेली ही मुलगी गुजराती अक्षरांवरही शिरोरेघ ओढत असे. त्या रेघांवर फुली न मारता आपण घर, पान, कान, पाणी असे दोन्ही भाषांतले सारखे शब्द तिच्या वहीत दोन्ही लिप्यांत शेजारी शेजारी लिहून दिलेत, आणि अर्थ आधीच ठाऊक असल्यामुळे अक्षरे तिच्या हाती लागत गेली. ती वही मी जपून ठेवली आहे.

आपण एकट्या तिलाच वेगळे काढले नाहीत, याचे मोल मला अधिक वाटते. शेवटची अख्खी रांग आपण जवळ घेतलीत, त्यात दाहोदकडून बांधकामावर आलेल्या मजुरांची मुलेही होती. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात आणि 1906 मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हे आम्ही बडोदेकर अभिमानाने सांगतो. पण वर्गात बसलेल्या मुलाला खरोखर वाचता येते का, हे कोणीतरी शेजारी बसून ऐकावेच लागते. तिसरीअखेर प्रत्येक मुलाने समजून वाचावे, असे 2021 मध्ये सुरू झालेले निपुण भारत अभियानही म्हणते. ज्यांना शिकवणी परवडते त्यांना असे ऐकणारे माणूस विकत मिळते, आमच्या मुलांना ते शाळेतच मिळायला हवे, आणि आपल्यामुळे ते मिळाले.

गेल्या आठवड्यात तिने आजीला वीजबिलाची शेवटची तारीख वाचून दाखवली. आपण दिलेले गोष्टीचे पुस्तक ती सोमवारी परत आणणार आहे. शेवटचे पान तिने मला अजून ऐकवलेले नाही. ते आधी बाईंना वाचून दाखवायचे आहे, असे ती म्हणते.

आपली कृतज्ञ,
तिसरीतल्या एका मुलीची आई