नोटिशीतला पोर्ट क्रमांक विचारायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

बेकायदा डाउनलोडिंगचा आळ चुकून आलेल्या माणसाने काय करावं, याचं तुम्ही करून दिलेलं टिपण आमच्या मदतकक्षात रोजच्या वापरात आहे. त्यावर तुम्ही स्वतःचं नाव घालू दिलं नाहीत, म्हणून ते इथेही नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे होते, आणि तेही टिपणात नेमकं काय आहे ते सांगून. नुसत्या ‘धन्यवाद’चा नोटीस हातात घेऊन बसलेल्याला काय उपयोग?

टिपणाची सुरुवातच मोलाची आहे: आधी राउटरला हात लावू नका. निर्दोष माणूस घाबरला की नेमकं तेच करतो. राउटर रीसेट करतो, लॅपटॉप फॉरमॅट करतो आणि मग निश्चिंत होतो. बहुतेक घरगुती राउटरमधला लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, तात्पुरत्या मेमरीत असतो, वीज बंद केली की पुसला जातो. रीसेटने जोडलेल्या उपकरणांची यादीही जाते. आपल्या बाजूचा पुरावा आपणच घालवायचा आणि वर ‘पुरावा नष्ट केला’ म्हणायला समोरच्याच्या हाती आयतं कोलीत द्यायचं, असा हा प्रकार. म्हणून आधी राउटरच्या पानावर लॉगिन करून स्क्रीनशॉट घ्यायचे: बाहेरचा म्हणजे वॅन आयपी पत्ता (जोडणीला कंपनीने दिलेला आकडी पत्ता), डीएचसीपीची म्हणजे जोडलेल्या उपकरणांची यादी, यूपीएनपी आणि पोर्ट फॉरवर्डिंगच्या नोंदी (बाहेरून आत यायला कुठल्या उपकरणासाठी वाट उघडली आहे ते), आणि लॉग. प्रत्येकात तारीख-वेळ दिसली पाहिजे. यूपीएनपीचं पान लोक हमखास विसरतात, आणि टॉरेंट (लोकांनी एकमेकांकडून फाइलचे तुकडे घेण्या-देण्याची पद्धत) चालवणारा प्रोग्राम कुठल्या उपकरणावर आहे याचा माग बहुधा तिथेच लागतो. हे सगळं जपून ठेवल्यावर मग वायफायचा पासवर्ड बदलायचा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करायचं.

यादीत अनोळखी उपकरण दिसलं की ‘शेजाऱ्याने चोरून नेट वापरलं’ असा निष्कर्ष लोक लगेच काढतात. त्यावरची तुमची सूचना फार कामाची आहे. मॅक पत्त्याच्या (यादीत प्रत्येक उपकरणापुढे दिसणारी, दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांची ओळख) पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नसून बहुधा फोनने स्वतःच तयार केलेला असतो. म्हणजे ते अनोळखी उपकरण घरातल्याच कुणाचा तरी फोन असू शकतं. शेजाऱ्याचं नाव उत्तरात घालण्याआधी घरातले फोन एकेक करून ताडून पाहावेत.

नोटीस खरी आहे की पैसे उकळायचा डाव, हे पाहायला वेळ लागत नाही. लिंकवर आजच्या आज पैसे भरा म्हणणारी, कुठल्या फाइलबद्दल आहे हेही धड न सांगणारी नोटीस कचऱ्यात जायच्या लायकीची. तरी ती जपून ठेवायची. खात्री करायची तर इंटरनेट कंपनीच्या बिलावरचा फोन नंबर लावायचा, नोटिशीतला नव्हे. कोर्टाचा कागद असेल तर मात्र अंदाज बांधत बसायचं नाही, मुदत पाहून सरळ वकील गाठायचा.

खऱ्या नोटिशीत बघायच्या गोष्टी चार: आयपी पत्ता, पोर्ट (त्या पत्त्यावरची एकेक जोडणी वेगळी ओळखणारा क्रमांक), वेळ आणि फाइलचा हॅश. पुष्कळ नोटिशींच्या शेवटी एक्सएमएलचा, म्हणजे संगणकाने वाचायच्या मजकुराचा, एक ठोकळा असतो. दिसायला कचरा, पण चारही गोष्टी बहुधा तिथेच सापडतात. लोक वरचा धमकीचा मजकूर दहादा वाचतात आणि हा ठोकळा वगळतात.

वेळ पाहताना आकड्यांच्या शेवटी ‘झेड’ हे अक्षर असेल तर ती वेळ यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. २३:५० ही वेळ यूटीसीपेक्षा साडेपाच तास पुढे असलेल्या ठिकाणी दुसऱ्या दिवशीची पहाटे ५:२० होते. आयपी पत्ते बदलत राहतात. रात्री एका ग्राहकाकडे असलेला पत्ता पहाटे दुसऱ्याकडे गेलेला असू शकतो. नोंदी शोधणाऱ्याने हे रूपांतर केलं नाही किंवा उलट्या दिशेने केलं, की भलत्याच घरी नोटीस जाते. तक्रारदाराचं, म्हणजे नोटीस पाठवणाऱ्याचं, घड्याळ एनटीपीने (इंटरनेटवरून अचूक वेळ लावण्याच्या पद्धतीने) जुळवलेलं होतं का, हेही तुम्ही विचारायला लावता, आणि त्यामागचं कारण हेच.

पोर्टचा मुद्दा तर आमच्यापैकी बऱ्याच जणांना तुमच्याकडूनच कळला. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते पुरत नाहीत म्हणून कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर वॅन पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही या व्यवस्थेत आहात असं धरा. (१० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तरी वर आणखी एक नॅट (एक पत्ता अनेकांत वाटणारी व्यवस्था) आहे, मग तो कंपनीचा असो की घरातल्याच दुसऱ्या राउटरचा.) अशा वेळी नोटिशीत पत्ता आणि वेळ आहे पण स्रोत पोर्ट (ग्राहकाच्या बाजूचा पोर्ट) नाही, तर त्या क्षणी तो पत्ता वापरणाऱ्या अनेकांमधून एकाला वेगळं काढता येत नाही. तरीही कुणाचं नाव पुढे आलंच, तर ते कशाच्या आधारावर काढलं हे लेखी विचारायचा हक्क त्या माणसाला आहे.

हॅश म्हणजे फाइलची खूण, जुन्या पद्धतीच्या टॉरेंटमध्ये ४० अक्षरांची. नुसत्या नावावर भरवसा नाही. त्याच नावाची भलतीच, अगदी मुक्त परवान्याची फाइलही असू शकते. म्हणून हॅश मागायचा, आणि पुढचा प्रश्न तुमच्या शब्दांत: ‘आमच्या पत्त्यावरून फाइलचे तुकडे प्रत्यक्ष घेतलेत, की ट्रॅकरच्या यादीत पत्ता नुसता दिसला?’ (ट्रॅकर म्हणजे फाइल कुणाकुणाकडे आहे याची यादी ठेवणारा सर्व्हर.) २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हा फरक किती महत्त्वाचा आहे ते दाखवून दिलं. टॉरेंटच्या प्रोग्रामने सांगितलेला कुठलाही पत्ता काही ट्रॅकर न तपासता तसाच यादीत घालत. संशोधकांनी प्रिंटरचे पत्ते घातले, आणि त्या प्रिंटरांच्या नावाने नोटिसा आल्या! घाबरलेल्या माणसाला हे सांगितलं की तो पहिल्यांदा हसतो.

डेटा वापराचा तपशीलही मागवावा, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नये, हा तुमचा इशारा आम्ही ठळक केला आहे. आरोप बहुतेक वेळा फाइल वाटल्याचा असतो, आणि त्यासाठी थोडे तुकडे पाठवलेलेही पुरतात. ‘त्या दिवशी एवढा डेटा वापरलाच नाही’ हे उत्तर म्हणूनच अपुरं पडतं.

पत्रं दोन लिहायची. पहिलं इंटरनेट कंपनीला: अमुक वेळेची पत्ता-वाटपाची नोंद पुन्हा तपासा, आकड्यांची अदलाबदल झाली आहे का पाहा, आणि वाद मिटेपर्यंत नोंदी पुसू नका. हे पहिल्याच दिवशी जायला हवं, कारण नोंदी कायम ठेवलेल्या नसतात. दुसरं तक्रारदाराला, एका पानाच्या आत. आरोप नाकबूल आहे, वरच्या चार गोष्टी आणि फाइलवरच्या आपल्या कॉपीराइटचा पुरावा द्यावा, आमचे सर्व हक्क राखून हे पत्र लिहिले आहे. बस. घरात कोण कोण राहतं, मुलगा किती वाजेपर्यंत जागतो, पूर्वी कधी टॉरेंट वापरलं होतं, यातलं काहीही नको. फोनवर बोलणंही नको. ईमेलबरोबर पोच मिळेल अशा टपालानेही पाठवावं आणि पोच जपावी.

नोटिशीसोबत आलेल्या हमीपत्रावर ‘पुन्हा करणार नाही’ असं असेल तर सही करू नये. ‘पुन्हा’ या शब्दात ‘आधी केलं होतं’ हे आलंच. कटकट मिटावी म्हणून सही करणारे आम्ही फार पाहतो.

२०१८ मध्ये अमेरिकेच्या नाइन्थ सर्किट अपील न्यायालयाने म्हटलं की जोडणी कुणाच्या नावावर आहे एवढ्यावरून त्याने उल्लंघन केलं असं ठरत नाही. ते तुम्ही टिपणात घेतलंत, आणि लगेच खाली हेही लिहिलंत की जर्मनीत जोडणीधारकाला ती आणखी कोण वापरू शकत होतं हे सांगावं लागतं. निकाल कुठला, आपण कुठे, हे न बघता निकाल फेकणाऱ्यांना ही ओळ हवीच होती.

आता एक मागणं. आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीचा, पत्ता असलेल्या नोटिशींसाठी टिपणात दोनच ओळी आहेत. तिथे सीजीनॅटचा बचाव चालत नाही. पत्त्याचा पुढचा भाग बहुधा एकाच घराला दिलेला असतो, मागचे ६४ बिट मात्र उपकरण स्वतः बदलत राहतं. अशा वेळी कंपनीकडे नेमकी कोणती नोंद मागायची आणि राउटरच्या कुठल्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यायचा, हे सवडीने लिहून द्याल का? मसुदा कच्चा असला तरी चालेल, टाइप आम्ही करू.

आपले कृतज्ञ,
मदतकक्षातले सगळे