तुळशीजवळचा दगड

नागपूर, रविवार

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

काटोल रोडकडच्या माळावर तुमच्या लेआउटचं काम निघालंय, सोमवारी जेसीबी लागणार, असं तू सांगितलंस. फोनवर मला बोलायला सुधरलं नाही, म्हणून लिहितो.

आपल्या तुळशीजवळचा काळा दगड आठवतो ना? ज्याच्या खळग्यांत तू कंचे मांडायचास? घर बांधताना भरणाच्या मुरमाच्या ट्रॉलीतून आला होता तो. मुरूम कुठला, हे मी विचारलं नाही. स्वस्त पडला, एवढंच पाहिलं.

गेल्या महिन्यात नागपूरजवळच्या जुनापाणीला गेलो. माळावर काळ्या दगडांची गोल रिंगणं, मध्ये मुरूम-गोट्यांचा उंचवटा. एका रिंगणातल्या दगडावर हात फिरवला तर बोटं खळग्यांत गेली. लिंबाएवढे, ओळीने. अगदी आपल्या दगडासारखे! घरी येईपर्यंत तुझ्या आईशी एक शब्द बोललो नाही.

जुनापाणीत अशी ३०० च्या आसपास वर्तुळं आहेत, लोहयुगातल्या माणसांच्या दफनाची. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे खोदून १८७९ मध्ये लेख लिहिला. पुढे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या विदर्भातल्या उत्खननांत माहुरझरीला मणी आणि घोड्याचे तांब्याचे दागिने निघाले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. टाकळघाटला वस्ती आणि खाप्याला दफनं, असंही दिसलं. काळी जमीन पेरायला ठेवायची नि मेलेल्याला मुरमाड माळावर न्यायचं, असा त्यांचा हिशेब असावा, असं मला आपलं वाटतं. आपण त्याच माळाला 'पडीक' म्हणतो.

जुनापाणी केंद्राच्या संरक्षित यादीत आहे. स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा जागेपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. पण जे रिंगण यादीतच नाही, त्याला कसलं अंतर नि कसली परवानगी! ते ड्रायव्हरच्या नजरेवर. आणि दगड एकदा हलला की तो कोणत्या रिंगणातला, कोणत्या दिशेचा, हे कुणालाच सांगता येत नाही. आपल्या दगडाचं तेच झालंय.

तेव्हा मशीन लावण्याआधी, सकाळी ऊन तिरपं असताना माळ एकदा पायी फिर. गोल दिसलं तर फोटो काढ, दगड हलवू नको, साहेबाला लेखी कळव. कुरकुरतील, कुरकुरू दे.

दिवाळीला आलास की दगड घेऊन अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या संग्रहालयात, विचारायला जाऊ. मला एकट्याला उचलत नाही.

तुझे,
बाबा