एका मिलिमीटरचा फरक

कल्याण

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र सूनबाईने दोनदा वाचून दाखवलं. हे उत्तर मी संगणकावर टाइप करतोय, तो अक्षर न् अक्षर बोलून दाखवतो, त्यामुळे चुका काढायला जागा ठेवलेली नाही.

तू विचारलंस, नव्या नोटांच्या कडेला उठावाच्या रेघा आहेत, तुम्हा अंध लोकांची सोय झाली असेल ना? रेघा आहेत बाबा. शंभरला चार, दोनशेला चार आणि मध्ये दोन गोल, पाचशेला पाच. तुमच्या नाशिकरोडच्या प्रेसमधून निघालेली करकरीत नोट असली तर नखाला लागतातही. पण टपरीवर करकरीत नोट आणतो कोण? घामाने मऊ झालेली, मासळीवालीच्या हातून आलेली नोट बोटाला काही सांगत नाही. आणि दहा, वीस, पन्नासला ओळखीची उठावाची खूणच नाही. माझा धंदा बिस्किटपुडे आणि चहाचा, म्हणजे सगळा त्याच नोटांचा.

आमची खरी भिस्त आकारावर असते. जुन्या मालिकेत दहाची नोट १३७ मिलिमीटर लांब, वीसची १४७, शंभरची १५७, पाचशेची १६७. पन्नासची वीसएवढीच लांब, पण रुंदीला चांगली एक सेंटिमीटर जास्त. बोटांमध्ये धरली की कळायची. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजार बंद झाले आणि मग एकेक करून सगळ्याच नोटा नव्या आल्या, लहान होऊन. आता शंभरची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०, रुंदी तिघींची ६६. चार-चार मिलिमीटर! गर्दीच्या वेळी, एका हातात किटली असताना, चार मिलिमीटर मोजून बघ.

त्याहून मोठी गंमत पुढेच आहे. शंभरपर्यंतच्या जुन्या नोटाही चालतातच. जुनी वीस १४७ लांब आणि नवी दोनशे १४६. लांबीत एक मिलिमीटरचा फरक, किमतीत दहापट. रुंदीत तीन मिलिमीटर आहेत म्हणा, पण कोपरा दुमडलेला असला की तेही गेले. जुनी दहा आणि नवी पन्नास, तीच तऱ्हा. एका गिऱ्हाइकाने वीस देऊन दोनशेची मोड मागितली होती, मी देऊनही टाकली. शेजारच्या पोराने ओरडून थांबवलं म्हणून बरं. गिऱ्हाईक म्हणालं, रंगामुळे माझाच गोंधळ झाला. असेलही. नवी वीस हिरवट पिवळी, दोनशे भडक पिवळी, डोळसांचीही फसगत होते म्हणतात. पण मला ते खरं की खोटं हे कळायची सोय नाही, आणि माणसावर संशय घेत धंदा करायचा माझा स्वभाव नाही. त्याचाच मला जास्त त्रास होतो.

दोन हजारची नोट मात्र एकदम ओळखू यायची, पाचशेहून १६ मिलिमीटर लांब. तीच मे २०२३ मध्ये मागे घेतली! तसं माझ्या चहाला दोन हजार कोण देणार होतं म्हणा.

नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. २०१९ मध्ये न्यायालयानेच रिझर्व्ह बँकेला विचारलं की नोटांचे आकार सारखे बदलता कशाला. पुढे जानेवारी २०२० मध्ये बँकेचं 'मनी' नावाचं अ‍ॅप आलं. मोबाइलसमोर नोट धरली की किंमत बोलतं, इंटरनेटही लागत नाही. घरी रात्री गल्ला मोजायला उत्तम. पण खरी-खोटी ते सांगत नाही, आणि लोकल लागलेली असताना प्रत्येक नोटेचा फोटो काढत बसलो तर गिऱ्हाईक पुढच्या टपरीवर जातं. नाण्यांत तेवढी अक्कल दिसते. वीसचं नाणं बारा कोनी केलंय, बोटाला लगेच कळतं.

माझी खरी सुटका केली ती त्या बोलक्या डब्याने. क्यूआर लावला की "दहा रुपये मिळाले" असं खणखणीत सांगतो. नोटेने जे काढून घेतलं ते डब्याने अर्धं परत दिलं. अर्धंच, कारण हमाल, भाजीवाल्या, म्हातारी माणसं रोखच देतात, आणि तीच माझी रोजची माणसं.

म्हणून तुला एक काम सांगतो. तू आयुष्यभर फिटरचं काम केलंस, तुझा हात कानशीवर बसलेला आहे. मला अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी करून दे. एका टोकाला आडवी अडण, नोट तिला टेकवून पसरायची, आणि कडेला १२३, १२९, १३५, १४२, १४६, १५० वर खाचा. जुन्या नोटांसाठी दुसऱ्या कडेला १३७, १४७, १५७. रुंदीसाठी ६३, ६६ आणि ७३ च्या तीन खाचा आडव्या बाजूला. मी पुठ्ठ्याची करून पाहिली, चहा सांडून आठवड्यात लगदा झाला. कडा मात्र नीट घास, दिवसभर बोट फिरणार आहे. लांबी खिशात मावेल एवढीच ठेव, आणि भोक पाडून दोरी ओवायची सोय कर. पैसे घेणार नाहीस हे माहीत आहे, पण धातूचे तरी घे.

वहिनींना नमस्कार. गुडघा कसा आहे ते कळव.

तुझा,
दत्ता