बॅग भरताना गावची विहीरही आठवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

परीक्षा संपल्या की मुंबईत घरोघरी पलंगावर कपड्यांचा ढीग पडतो आणि तो बॅगेत कोंबायचं काम बहुतेक घरांत आईच्याच गळ्यात येतं. तुमच्या सुट्टीच्या पुरवणीत कुठे जायचं, कुठे राहायचं, पॅकेज केवढ्याला पडतं हे सगळं छान येतं, पण सोबत कपडे काय न्यायचे ह्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही. म्हणून हे पत्र. कपडे काढायच्या आधी एवढं बघा की जिथे चाललोय तिथे पाणी किती आहे, रात्री थंडी पडते का आणि ती बॅग शेवटी कोण उचलणार.

आधी कोकणाबद्दल, कारण आमच्या भांडुपमधनं मे महिन्यात अर्धी चाळ तिकडेच जाते. मे मध्ये गावच्या विहिरी तळाला लागतात, काही वाड्यांत टँकर येतो, आणि अशा वेळी मुंबईची चार माणसं दिवसाला दोन-दोन जोड बदलणार आणि संध्याकाळी घामाचे कपडे काकीच्या मोरीत टाकणार. ते पाणी कोणीतरी रहाटाने ओढलेलं असतं हो. काकी काही बोलत नाही, पाहुण्यांना कोण बोलणार, पण रहाटाचा दोर मे मध्ये केवढा खाली सोडावा लागतो ते एकदा स्वतः ओढून बघा मग कळेल. त्यामुळे गावाला जाताना पातळ सुती कपडे न्या, ढगळ, बिनकॉलरचे, गडद रंगाचे, जे रात्री अर्ध्या बादलीत आंघोळीसोबत पिळून पडवीतल्या दांडीवर टाकले की सकाळी घालता येतात. कोकणातली हवा एवढी दमट की जाड कपडा रात्रभरात वाळतच नाही, जीन्स तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कमरेच्या पट्टीत ओलीच राहते आणि तशीच घातली की जांघेत घामोळं आलंच म्हणून समजा. वर एकेका जीन्सचं वजन अर्धा-पाऊण किलो. प्रवासात अंगावर असेल तेवढी एक पुरे, बॅगेत दुसरी नको.

आणि मुलांना नवीन कपडे देऊ नका प्लीज. मुलं काजूखाली जाणार, बोंडू म्हणजे काजूचं फळ पिळून खाणार, रस कोपरापर्यंत ओघळणार. तो डाग आधी दिसतसुद्धा नाही, कपडा धुवून वाळला की तपकिरी होऊन वर येतो आणि मग कशानेच जात नाही. फणसाचा चीक निदान खोबरेल तेल चोळलं की सुटतो, बोंडूचा नाही सुटत. पांढरा फ्रॉक घालून पाठवायचं आणि मग दिवसभर पोरीला "मळवू नकोस, मळवू नकोस" करत बसायचं, ह्यात तिची सुट्टी फुकट जाते. मला हे मनापासून वाईट वाटतं. जुने टी-शर्ट द्या, लोळू दे तिला खळ्यात.

आता बॅग उचलायचं. रेल्वेत स्लीपरला माणशी ४० किलो सामान फ्री आहे, म्हणजे नियमाने आपण भरपूर नेऊ शकतो, पण कोकणात बऱ्याच लहान स्टेशनांवर गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते आणि फलाट एवढा खाली की डब्याच्या पायऱ्या उतरून मग खाली पाय टेकतो. तिथे ती मोठी ट्रॉली बॅग म्हणजे खरंच संकट आहे. बाई दारात उभी, एका हाताने पोराचा दंड धरलेला, दुसऱ्या हाताने बॅगेचा दांडा, चाक दाराच्या पट्टीत अडकलेलं, मागचे लोक ढकलतायत आणि गाडीची शिट्टी झालेली. हे दरवर्षी दिसतं आणि दरवर्षी पोटात गोळा येतो, कधीतरी कोणी पडेल. पाठीवरच्या दोन लहान सॅक नेल्या तर हात मोकळे राहतात, आणि आठवी-नववीतल्या पोराने आपली सॅक आपण भरायची, आपणच उचलायची. जे स्वतः उचलायचंय ते माणूस मोजूनच भरतो. आईने सगळ्यांचं भरायचं आणि "माझा निळा शर्ट का नाही घेतलास" हेही तिनेच ऐकायचं, हे आता बंद व्हायला पाहिजे असं मला वाटतं.

विदर्भात जाणाऱ्यांचं वेगळं आहे. नागपूर-चंद्रपूरला मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि हवा कोरडी असते, तिथे आपल्या मुंबईच्या सवयीने स्लीव्हलेस आणि हाफपँट घालून फिरू नका. पूर्ण बाह्यांचा सैल सुती कपडा, डोक्याला दुपट्टा किंवा गमछा, कानसुद्धा झाकायचे. तिथली माणसं गुंडाळून फिरतात ती उगाच नाही.

थंड हवेच्या ठिकाणी मात्र लोक उलटं करतात. मनालीला दुपारी बरं वाटतं म्हणून एक शोभेचं जॅकेट नेतात आणि मग रोहतांगला कुडकुडतात. साधा हिशोब आहे, दर १००० मीटर वर गेलं की साधारण साडेसहा डिग्री कमी होतात. मनाली २००० मीटरच्या आसपास, रोहतांग ३९७८ मीटर, म्हणजे एकाच दिवसात बारा-तेरा डिग्रीचा फरक, वर वारा. ह्यासाठी एकच जाडजूड स्वेटर नेण्यापेक्षा आत अंगाला चिकटून थर्मल, त्यावर पातळ लोकरीचं आणि बाहेरून वारा अडवणारं काहीतरी असं एकावर एक घाला. मधे हवा अडकते तीच ऊब धरते, आणि ऊन लागलं की एकेक काढता पण येतं. आत सुती बनियन नको, घामाने ओलं झालं की थंडच राहतं. बर्फातले कोट आणि गमबूट तिकडे रस्त्यात भाड्याने मिळतात, ते इथून विकत घेऊन न्यायची गरज नाही, नाहीतर विमानाचे १५ किलो त्यातच संपतात. मोजे आणि कानटोपी मात्र घरचेच न्या.

मे च्या शेवटच्या आठवड्यात परतणाऱ्यांनी पातळ रेनकोट आणि दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्या टाकाव्यातच. २०२५ ला मान्सून मुंबईत २६ मे लाच आला, एरवीची तारीख ११ जून. ओला कपडा सुक्यात घडी घालून ठेवला की घरी पोचेपर्यंत सगळ्या बॅगेला कुबट वास येतो आणि सुती कपड्यांवर काळे ठिपके पडतात, ते पुन्हा निघत नाहीत. समुद्रात भिजलेले कपडे तर आधी गोड्या पाण्यातून काढा, मिठाने कपडा ओलसरच राहतो.

तुम्हाला एक विनंती आहे. पुरवणीत जेव्हा एखाद्या ठिकाणाची माहिती छापता तेव्हा त्यासोबत तिथलं मे महिन्यातलं रात्रीचं तापमान, उंची आणि पाण्याची परिस्थिती एवढं एका चौकटीत द्या. दुपारचं तापमान सगळे देतात, बॅग भरताना कामाला येतं ते रात्रीचं. आणि ही पुरवणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काढलीत तर बरं, मे मध्ये येते तोपर्यंत आमच्या बॅगांच्या चेन लागलेल्या असतात.

आपली,
एक वाचक, भांडुप