चोपड्या रद्दीत जाण्याआधी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नौपाड्यातली आमच्या शेजारची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली. तळमजल्यावर एकाच कुटुंबाचे तीन पिढ्यांचे दुकान होते. कपाटे टेम्पोत चढली आणि लाल कापडात बांधलेल्या चोपड्या रद्दीवाल्याच्या काट्यावर गेल्या. दर लक्ष्मीपूजनाला ज्यांना हळदकुंकू वाहिले, त्या किलोच्या भावाने विकल्या गेल्या. त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

‘सगळे एका छपराखाली’ ही मॉलची देणगी आहे, असे माझ्या नातवंडांना वाटते. फोर्टातले खोराकीवाला कुटुंबाचे अकबरअलीज १८९७ सालचे! देशातले पहिले डिपार्टमेंट स्टोअर म्हणून त्याचे नाव घेतात. अंधेरीत शॉपर्स स्टॉप उघडले १९९१ साली, म्हणजे तब्बल ९४ वर्षांनी. याच घराण्यातले फखरुद्दीन खोराकीवाला मुंबईचे शेरीफ झाले, जामिया मिलियाचे कुलपतीही झाले. पेढी सांभाळणाऱ्याला शहराने असा मान दिला, याचे मला फार अप्रूप वाटते.

माझे वडील फोर्टात नोकरीला होते. बोनस झाला की ठाण्याहून स्लो लोकलने व्हीटी, तिथून फ्लोरा फाउंटनपर्यंत पायी. १९७४ च्या दिवाळीत त्यांनी आईसाठी अकबरअलीजमधून थर्मास घेतला. पुढे घरात जेवढी बाळंतपणे झाली, त्या प्रत्येकीला चहा त्याच थर्मासमधून गेला. कॅशमेमो आईने खोक्यात जपून ठेवला होता, तो अजून माझ्याकडे आहे.

मोठ्या पेढ्यांचा इतिहास कोणीतरी लिहितोच. गोखले रोड, जांभळी नाका, स्टेशन रोडवरच्या घरगुती दुकानांचा कोण लिहिणार? वागळे इस्टेटच्या कारखान्यांत बोनस झाला की किती साड्या खपत, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर कोणाची उधारी किती वाढली आणि शेठजींनी ती किती वर्षे मागितली नाही, हे त्या चोपड्यांशिवाय कुठेच लिहिलेले नाही. उधारीची पाने म्हणजे ठाण्याच्या कामगार घरांचा जमाखर्चच.

दुकानदार कुटुंबांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. भाड्याच्या तात्पुरत्या गाळ्यात पन्नास वर्षांचे कागद ठेवायचे कुठे? म्हणून विनंती अशी की, आपल्या ठाणे पुरवणीत आठवड्याला एका जुन्या दुकानाची हकिकत छापावी, गल्ल्यावर बसलेल्या आजोबांकडूनच ऐकून. आणि आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने चोपड्या, पाट्या, बिलबुके यांसाठी एक कपाट राखून ठेवावे. ही संस्था १८९३ ची, अकबरअलीजहूनही चार वर्षांनी थोरली. तिच्याखेरीज हे कोणाला सांगावे?

कपाट मिळाले, तर आईचा तो कॅशमेमो मी स्वतः नेऊन देईन.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)