वसंताला पत्र: पल्लवीच्या मेंदू-संशोधनाबद्दल

आर्वी, जि. वर्धा
२३ नोव्हेंबर

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

ऐन वेचणीत तू चार पानी पत्र लिहिलंस, म्हणजे पल्लवीला कॉग्निटिव्ह न्यूरोसायकॉलॉजीत संशोधन करायचंय हा विषय घरात चांगलाच तापलेला दिसतो. ‘मेंदूचंच शिकायचं तर डॉक्टर काहून नाही होत?’ हा वहिनींचा प्रश्न रास्त आहे, तो आधी घेतो.

लकवा मारलेल्या माणसाच्या मेंदूत रक्त कुठं अडलं हे डॉक्टर पाहतो आणि औषध देतो. कॉग्निटिव्ह न्यूरोसायकॉलॉजीवाला त्याच माणसाजवळ बसून याचं नेमकं काय गेलं आणि काय शाबूत राहिलं ते शोधतो, आणि त्यावरून धडधाकट मन कसं जुळवलेलं असावं याचा तर्क लावतो. १८६१ साली पॅरिसला ब्रोका या डॉक्टरांनी तपासलेल्या रुग्णाला बोललेलं बरंचसं कळे, पण त्याच्या तोंडून ‘तान’ एवढंच निघे. १९५३च्या शस्त्रक्रियेनंतर एच. एम. या रुग्णाला नवं काही लक्षात राहीना, तरी आत्ता ऐकलेले आकडे तो लगेच म्हणून दाखवी. वॉरिंग्टन आणि शॅलिस यांनी १९६९ मध्ये के. एफ. हा बरोबर उलटा रुग्ण मांडला. त्याला ऐकलेले एक-दोन आकडे धरणंही जड जाई, पण दीर्घकाळची आठवण ठीक होती. अशी उलटसुलट जोडी मिळाली तरच स्मरणाचे दोन कप्पे वेगळे म्हणता येतात. एकट्या रुग्णावर भागत नाही, कारण दोनपैकी एक काम नुसतं अवघड असलं तरी तेच आधी ढासळतं.

वाट लांब आहे हे लपवत नाही. एम.ए.नंतर पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाची, दोन-चार. पक्की नोकरी लागेस्तोवर तिशी उलटते. नेट परीक्षेत जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढं ४२,०००, घरभाडं वेगळं. ती हुकली तर बार्टी, सारथी आणि नागपूरची महाज्योती यांच्या फेलोशिपा आहेत, जात-प्रवर्गाची कागदपत्रं आतापासून तयार ठेवा. आयआयटीसाठी गेट परीक्षेचा मानव्यविद्येचा पेपर देता येतो, त्यात मानसशास्त्राचा स्वतंत्र भाग असतो. बेंगळुरूचं निम्हान्स, हैदराबाद आणि अलाहाबाद विद्यापीठांतली केंद्रं, कानपूर आणि गांधीनगरच्या आयआयटी ही या विषयाची ठिकाणं. सहायक प्राध्यापक झाल्यावर मूळ पगार ५७,७०० पासून. रुग्णावर उपचारही करायचे असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि त्यासाठी वेगळं शिक्षण. त्याचे नियम सध्या बदलताहेत, तेव्हा परिषदेचंच परिपत्रक वाचा, क्लासवाल्याचं ऐकू नका.

गाईड निवडताना विद्यापीठाच्या नावापेक्षा एक गोष्ट विचारा: त्यांचा कोणत्या रुग्णालयाशी लेखी करार आहे का? नसेल तर पोरगी रुग्णांची वाट पाहत बसते आणि शेवटी वसतिगृहातल्या मुलींवर प्रयोग करून प्रबंध उरकते. तो वाईट नसतो, पण तो हा विषय नव्हे.

आता खरी गोष्ट. तू लिहिलंस, ‘खेड्यातली पोरगी तिथं काय टिकणार?’ माझं मत उलटं आहे. या धंद्यात सगळ्यात महाग वस्तू स्कॅनर नाही. बिघडण्याआधी तो माणूस कसा बोलत होता, कसा मोजत होता, हे ठाऊक असणं महाग आहे, आणि ते पल्लवीकडे फुकट आहे.

उदाहरण सांगतो. केळीचं चित्र दाखवलं आणि आजी ‘केयी’ म्हणाली. पुण्यात शिकलेला तपासनीस ‘उच्चारदोष’ म्हणून खूण करील. आपल्याला माहीत आहे की वऱ्हाडीत ळचा य होतो. डोया, काया, शाया. तो दोष नव्हे. पण तीच आजी ‘केयी’ऐवजी ‘पेकी’ म्हणाली तर दोष आहे. चित्रांचंही तसंच. स्नॉडग्रास आणि व्हँडरवार्ट यांचा १९८० चा २६० चित्रांचा संच जगभर वापरतात, त्यात अकॉर्डियन, आर्टिचोक, बर्फाचा माणूस आहे. दारव्ह्याच्या बाईला तो ओळखू आला नाही, यात मेंदूचा काय गुन्हा?

फोल्स्टीन यांच्या स्मरण-समज तपासायच्या १९७५ च्या ३० गुणांच्या चाचणीत वाचन, लेखन, शंभरातून सात-सात वजा करणं आहे. शाळा न पाहिलेला माणूस तिथं निरोगी असूनही गुण गमावतो. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी १९९५ मध्ये हिंदी चाचणी नव्यानं बांधावी लागली.

आपल्या भाषेत तर अजून गंमत आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतो आणि लिहायचा २९. ऐकलेला आकडा लिहिण्यात रुग्ण चुकला तर कुठल्या पायरीवर चुकला, हे इंग्रजी चाचणीत दिसणारच नाही. ‘दिवस’ची वेलांटी द च्या डावीकडे काढतो पण उच्चारतो नंतर. डाव्या बाजूचं भान सुटलेला रुग्ण वाचताना नुसती वेलांटी गाळतो की अख्खं अक्षर, हे वेगवेगळं नोंदवावं लागतं. हे भान सुटणं तपासायला रेघेचा मध्य पेन्सिलीनं दाखवायला सांगतात. ज्यानं पेन्सिल धरली नाही त्याचा हात तिथंच थरथरतो आणि निकाल बिघडतो. त्यापेक्षा एका फळीवर १६ ठोकळे सारख्या अंतरानं मांडायला लावायची एक चाचणी आहे. आपल्या बायकांना ती समजवावी लागत नाही. मुगवड्या घालतात तशा मांडा म्हटलं की झालं. भान सुटलं असेल तर बहुतेक ठोकळे उजवीकडे गोळा होतात.

डावरेपणा विचारतानाही तसंच. जेवण आणि लिहिणं उजव्या हातानंच हे घरच्यांनी लहानपणी ठोकून बसवलेलं असतं. खुरपं कोणत्या हातात, दगड कोणत्या हातानं मारतो, ते विचारावं. आणि कशाच्याही आधी चष्मा, मोतीबिंदू आणि कान तपासावेत. अर्धे ‘स्मृतिदोष’ तिथंच संपतात.

तुलनेची माणसं म्हणजे कंट्रोल. रुग्णाच्या वयाची, शिक्षणाची, बोलीची निरोगी माणसं. इथं सगळे आळस करतात. हिशेब दाखवतो. समज, कंट्रोलच्या गुणांची सरासरी २४, प्रमाण विचलन (म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) ३, रुग्णाला १७. सरळ भागाकारानं −२.३३ येतं आणि माणूस खूश होतो. पण कंट्रोल थोडे असले की क्रॉफर्ड-हॉवेल यांची १९९८ ची पद्धत लावायची: फरकाला (विचलन गुणिले (न+१)/न चं वर्गमूळ) यानं भागायचं, न म्हणजे कंट्रोलची संख्या. १५ माणसं असतील तर −२.२६ येतं आणि ‘हा फरक निव्वळ योगायोग नाही’ म्हणायची दुतर्फी मर्यादा २.१४ ओलांडली जाते. ५ माणसांत −२.१३, आणि मर्यादा २.७८. म्हणजे तोच रुग्ण, तेच गुण, पण दावा पडला. दहा माणसं अजून गाठायचा कंटाळा केला म्हणून.

आणि ही माणसं वेचणीच्या, सोंगणीच्या दिवसांत भेटत नाहीत. रुग्णाची दुसरी भेटही तेव्हाच चुकते. एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आधीच धरावी. एका बैठकीला ४० मिनिटं पुरे, नंतर थकवा मोजला जातो. नीतिसमितीची मंजुरी आल्याशिवाय शेजारच्या काकूलाही चाचणी द्यायची नाही. संमतीसाठी अंगठा घ्यायचा तर तटस्थ साक्षीदाराची सही हवी.

यंत्रांचं थोडक्यात. घरचे लोक एमआरआयची फिल्म जपून ठेवतात, तिचा फारसा उपयोग नाही, सीडी मागावी. नेहमीच्या तपासणीत काप ५ मिलिमीटरचे असतात, इजेचा नकाशा काढायला १ मिलिमीटरचे लागतात, ते रेडिओलॉजीला आधी सांगावं लागतं. ईईजीत, म्हणजे डोक्यावर टोपी घालून मेंदूतल्या विजेची नोंद घेण्यात, आपल्याकडचा शत्रू म्हणजे खोबरेल तेल. टोपीखालचा विजेचा रोध ५ किलोओहमच्या खाली येतच नाही. आदल्या रात्री डोकं शाम्पूनं धुऊन यायला सांगावं, तेल नको. अर्थिंग कच्चं असेल तर विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट सगळ्या रेघांवर चढतो.

विषय शोधायला तिला लांब जायला नको. गडचिरोलीच्या खेड्यांत लकवा हेच मृत्यूचं पहिलं कारण असल्याचं २०१५ मध्ये छापून आलं आहे. जे वाचतात त्यांची भाषा कोण तपासतं? सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या लेकरांच्या मेंदूत न कळत बारीक इजा होतात आणि लक्ष लागणं कमी होतं, त्यांना शाळेत ‘ढ’ म्हणतात. मेळघाटच्या कोरकूत, गडचिरोलीच्या गोंडीत तर चाचण्यांचं काम जवळपास पहिल्या शब्दापासून आहे.

आकडेशास्त्रासाठी तिनं आजच ‘आर’ ही संगणकाची प्रणाली शिकायला घ्यावी, फुकट आहे. गाईडला पहिलं पत्र लिहिलं की पाठवण्याआधी मला दाखव म्हणावं. एका पानाच्या आत. ‘लहानपणापासून मेंदूची आवड’ वगैरे नको. प्रश्न कोणता, रुग्ण कोणते, तुलना कोणाशी, एवढंच.

वहिनींना नमस्कार. तुरीवर अळी किती आहे ते कळव.

तुझा,
प्रभाकर